शून्य आणि कोरं

हॉर्नकासलच्या पुढे, जिथे रस्ता
एका ट्रॅक्टरपुरताच उरतो,
तिथे डाउसबाईंच्या स्वयंपाकघरात
मुरांब्याच्या बरणीशेजारी माझा लॅपटॉप उघडा.
बाहेर नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवेलागण.
कुत्रं माझ्या बुटांची सविस्तर चौकशी करून
शेगडीपाशी जाऊन पडलं.

"तयार अहवाल नकोत मला," बाई म्हणाल्या,
"ते सगळ्यांना सारखंच सांगतात.
मला माझं विचारायचंय."

म्हणून आम्ही प्रश्न बांधायला बसलो.
पहिला अगदी भाबडा:
दाखव गहू, सहा वर्षांचा, शेतवार.
अकरा लाख ओळी येऊन पडल्या,
कापणीच्या दर सेकंदाला एक,
भुसा, खडे, दाणे सगळं एकत्र.

मग सूप हातात घेतलं.
ओल वीस टक्क्यांच्या वर असेल, वगळ.
यंत्र बांधाशी वळत असेल, वगळ.
उतारा शून्य असेल,
"थांब," बाई म्हणाल्या.
"शून्य वेगळं, कोरं वेगळं.
शून्य म्हणजे पेरलं, आलं नाही.
कोरं म्हणजे त्या दिवशी बॅरी
मॉनिटर लावायलाच विसरला."

मी अट दुरुस्त केली.
आठ वर्षं या धंद्यात आहे,
इतक्या थोडक्यात कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे नावांचा घोळ.
एकच शेत: वहीत 'वरचं चाळीस',
खतवाल्याच्या बिलात 'चर्चमागचं',
ट्रॅक्टरच्या पडद्यावर नुसतं 'नवीन ३'.
आमच्याकडे गट नंबर असतो, मी म्हटलं,
माणसं बदलतात, नंबर राहतो.
"इथे सरकार नंबर बदलतं," त्या म्हणाल्या,
"नाव राहतं."
तिन्ही नावं एका दाव्याला बांधली.
चालव.

नकाशा हळूहळू भरला.
पिवळं, पोपटी, पिवळं,
आणि वरच्या चाळीसात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
एक गडद हिरवी रेघ. सरळ,
पट्टीने ओढल्यासारखी.

चूक असणार. माझीच.
ओल्या शरदाचं ते वर्ष काढून पाहिलं.
'किंवा'च्या जागी 'आणि' घातलं.
बॅरीवर संशय घेतला.
रेघ हलेना.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
"अरे, ही तर झुडपांची रांग."
कुठे आहे?
"नाही आता. मी नऊ वर्षांची असताना
बाबांनी मुळासकट उपटली.
अलीकडचं आमचं, पलीकडचं विल्फ्रेडकाकांचं.
काका सगळं विकून कॅनडाला गेले.
दोन दिवस धूर होता. आईने वाळत घातलेले कपडे
परत धुतले."

छप्पन्न वर्षं नांगर फिरतोय त्यावरून.
दोन भाऊ गेले, ती दोघांची सही असलेले कागद गेले,
आणि शतकभर तिथे कुजलेला पाला
अजून गव्हाला खाऊ घालतोय.
सगळ्या शेतात सगळ्यात जाड दाणा
जिथे बोलणं बंद झालं होतं, तिथला.

मी त्यांना आमचं एक क्रियापद समजावलं,
बांध कोरणे:
दर नांगरटीला वीतभर, गुपचूप,
शेजाऱ्याच्या हद्दीत.
भाषांतर पुरं होण्याआधीच त्या म्हणाल्या,
"विल्फ्रेडकाका!"
आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

जतन करायचं तर नाव हवं, सॉफ्टवेअर म्हणालं.
त्यांनी दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत,
'विल्फ्रेड' लिहिलं.
दर हंगामानंतर आपोआप चालवायचं का?
खूण केली: हो.

निघताना बरणी हातात ठेवली.
डॅमसनचा मुरांबा. चिठ्ठीवर वर्ष होतं,
झाड कुठलं ते नव्हतं.
मी विचारलं.
"एक झुडूप राहिलंय त्या रांगेतलं,
नाल्याच्या पलीकडे," दार लावता लावता त्या म्हणाल्या,
"ते तुझ्या नकाशात येत नाही."